चोरीचे गाणे आणि नवे गाणे

ज्याच्या घरी चोरी झाली त्याने आपले काय काय गेले हे सांगावे, यात नवल नाही. संगीताचा व्यापार करणाऱ्यांचे गाऱ्हाणे मात्र नेहमी दुहेरी असते. आमचे नुकसान झाले, हे त्यातले पहिले. आणि ही चोरी अशीच चालली तर यापुढे नवे गाणेच निर्माण होणार नाही, म्हणजे नुकसान तुमचेही आहे, हे दुसरे. पहिल्या गाऱ्हाण्याचा निवाडा हिशेबाच्या वह्यांवरून होऊ शकतो. दुसरे हे एक भविष्यकथन आहे, आणि त्याची परीक्षा काळानेच करावयाची असते. इंटरनेटवरून गाण्यांची फुकट आणि बेकायदा देवघेव सुरू झाली त्यास आता पाव शतक उलटून गेले. तेव्हा ते भाकीत कितपत खरे ठरले हे पाहण्यास आता हरकत नाही, असे आम्हांस वाटते.

हे भाकीत इंटरनेटबरोबर जन्मास आले, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील मध्यमवर्गीय घरात पियानो असे, आणि नवे गाणे घरी यावयाचे ते छापील स्वरलिपीच्या रूपाने. त्या कागदाची किंमत शिलिंगाहून अधिक. छायाचित्राच्या साहाय्याने शिळाछापाची हुबेहूब नक्कल काढण्याची युक्ती साधताच तेच गाणे लंडनच्या रस्त्यांवर दोन पेन्सांना मिळू लागले. इ. स. १९०२ च्या कायद्याने चोरटे कागद जप्त करता येत, पण विकणाऱ्यास शिक्षा होत नसे. त्यामुळे जप्तीनंतर दुसऱ्या दिवशी तोच फेरीवाला नवा गठ्ठा घेऊन त्याच कोपऱ्यावर उभा राही. या धंद्याचा म्होरक्या विलेट्स नावाचा गृहस्थ होता. त्याचे म्हणणे असे की, प्रकाशकांनी किमतीच अशा ठेवल्या आहेत की गरिबांस गाणे विकत घेणे अशक्य व्हावे. आम्ही विकतो ते ज्यांनी तुमचे कधीच घेतले नसते त्यांना. प्रकाशक इतके हातघाईवर आले की, कायदा होईपर्यंत नव्या गाण्यांत पैसा घालावयाचा नाही, असे त्यांनी इ. स. १९०५ मध्ये जाहीर करून टाकले. पुढील वर्षी नवा कायदा झाला आणि विलेट्स तुरुंगात गेला. पण त्याच सुमारास प्रकाशकांनी स्वस्त आवृत्त्याही काढावयास प्रारंभ केला, ही गोष्ट आमच्या मते कायद्याइतकीच महत्त्वाची आहे. चोराचा युक्तिवाद न्यायालयात हरला आणि बाजारात जिंकला.

विलेट्सच्या या युक्तिवादाचा आणि प्रकाशकांच्या त्या धमकीचा शब्दशः पुनरुच्चार सुमारे शंभर वर्षांनी अमेरिकेत झाला. मधल्या काळात गाणे कागदावरून तबकडीवर आणि तबकडीवरून आकड्यांत आले होते. सीडीवर एका सेकंदाचा ध्वनी साठविण्यास सुमारे चौदा लक्ष अंक लागतात. हे ओझे त्या वेळच्या टेलिफोनच्या तारेतून नेणे म्हणजे बोळातून हत्ती नेण्यासारखेच होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्ल्हाइन्झ ब्रांडेनबुर्ग प्रभृती संशोधकांनी माणसाच्या कानाच्या एका उणिवेचा फायदा घेतला. मोठा आवाज चालू असता त्यालगतचा बारीक आवाज कानास ऐकूच येत नाही. मग तो साठवावा तरी कशाला? असा न ऐकू येणारा भाग गाळून त्यांनी गाण्याचा आकार जवळजवळ अकरावा हिस्सा करून टाकला. हीच ती एमपी-थ्री. ती निर्माण करणाऱ्यांच्या मनात चोरीचा विचारही नव्हता.

इ. स. १९९९ च्या जून महिन्यात बोस्टनमधील शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने नॅप्स्टर हा कार्यक्रम लोकांच्या हाती दिला. त्यात मौज अशी होती की, गाणी नॅप्स्टरच्या जवळ नसतच. ती ज्याच्या त्याच्या संगणकावर राहत. नॅप्स्टरकडे असे ती केवळ कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची. दीड-दोन वर्षांत वापरणारांची संख्या अडीच कोटींच्या घरात गेली. मेटॅलिका या वाद्यवृंदाचे एक अपुरे गाणे प्रसिद्धीपूर्वीच नॅप्स्टरवर फिरू लागले, तेव्हा त्याचा ढोलवादक लार्स उलरिक तीन लाखांहून अधिक वापरणारांच्या नावांची यादी घेऊन नॅप्स्टरच्या दारी गेला. त्याची त्या वेळी पुष्कळ टवाळी झाली. श्रीमंत कलावंताने शाळकरी पोरांवर फिर्याद करावी हे लोकांस आवडले नाही. परंतु आपली अर्धवट कृती आपल्या संमतीवाचून जगापुढे यावी की नाही, हा त्याचा प्रश्न पैशाचा नव्हता, आणि त्याचे सरळ उत्तर टवाळी करणारांपैकी फारच थोड्यांनी दिले.

न्यायालयाने सूचीचेच निमित्त धरून नॅप्स्टरला दोषी ठरविले, आणि इ. स. २००१ च्या जुलैत ते बंद पडले. पुढे झाले ते रक्तबीजाच्या कथेप्रमाणे. ज्यांत मध्यवर्ती सूचीच नाही असे कार्यक्रम निघाले. एक पाडावा तो दहा उभे राहावेत. इ. स. २००३ पासून अमेरिकेतील कंपन्यांच्या संघाने सामान्य गिऱ्हाइकांवरच खटले भरले. त्यातून पायरसी थांबली नाही. कंपन्यांविषयी उरलीसुरली सहानुभूती मात्र आटली.

आता पहिल्या गाऱ्हाण्याचा हिशेब. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न इ. स. १९९९ मध्ये १४.६ अब्ज डॉलर होते. ते पंधरा वर्षांत सात अब्जांच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर आले. याचे सारे खापर पायरसीवर फोडता येत नाही. एका गाण्यासाठी बारा गाण्यांची तबकडी घ्यावी लागे, ती सक्ती इ. स. २००३ मध्ये अॅपलने ९९ सेंटांना सुटे गाणे विकून मोडून काढली, हेही एक कारण आहे. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी तर इ. स. २००७ मध्ये, फुकट डाउनलोडचा विक्रीवर मोजण्याजोगा परिणामच दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. बहुतेक इतर अभ्यासकांस तो मान्य झाला नाही, आणि आम्हांसही होत नाही. नुकसान झाले, आणि ते मोठे झाले.

मग नवे गाणे आटले काय? या प्रश्नाचा सर्वांत विचारपूर्वक शोध मिनेसोटा विद्यापीठाच्या जोएल वॉल्डफोगेल यांनी घेतला. गाण्यांची नुसती संख्या मोजून भागत नाही, कारण शंभर टाकाऊ गाण्यांनी एका चांगल्या गाण्याची जागा भरत नाही. म्हणून त्यांनी दोन मार्ग धरले. समीक्षकांनी मागाहून केलेल्या उत्तमोत्तम तबकड्यांच्या याद्यांत कोणत्या वर्षाच्या किती, हा एक. आणि एखाद्या वर्षाची गाणी जुनी झाल्यावरही रेडिओवर किती लागतात व विकत किती घेतली जातात, हा दुसरा. काळ हाच सर्वांत निर्दय परीक्षक, हे आपल्याकडील जाणत्यांचे मत त्यांनी जणू आकड्यांत बसविले. निष्कर्ष असा निघाला की, नॅप्स्टरनंतर गाण्याचा दर्जा घसरल्याचे दिसत नाही. उलट काही मापांनी तो चढलेलाच दिसतो. आणि अमेरिकेत दरवर्षी निघणाऱ्या नव्या तबकड्यांची संख्या तर त्या दशकात दुपटीच्या वर गेली.

उत्पन्न निम्मे आणि पीक दुप्पट, हे कोडे वाटते खरे. पण ज्या यंत्राने चोरी सोपी केली त्याच यंत्राने निर्मितीही स्वस्त केली, हे ध्यानी घेतले म्हणजे ते सुटते. पूर्वी ध्वनिमुद्रणास स्टुडिओ लागे, प्रसारास कंपनी लागे. आता ते काम घरच्या संगणकावर होऊ लागले. शिवाय कोणते गाणे लोकांस आवडेल हे कंपनीच्या मालकासही आधी कळत नाही. ज्यांना पूर्वी दारातूनच परत पाठविले असते अशांचीही गाणी बाहेर पडू लागली, आणि त्यांतलीच काही उत्तम निघाली.

हा अनुभव आपल्याकडे इंटरनेटच्या पूर्वीच येऊन गेला होता. इ. स. १९८० पर्यंत भारतातील तबकड्यांचा व्यापार जवळजवळ एका ग्रामोफोन कंपनीच्या हाती होता, आणि तिचे लक्ष चित्रपटगीतांकडे. कॅसेट आली आणि घरोघर नकला होऊ लागल्या. चोरट्या कॅसेटींनी बाजार भरून गेला आणि कंपनीची मक्तेदारी मोडली. पण त्याच कॅसेटीमुळे प्रांतोप्रांती लहान लहान निर्माते उभे राहिले. महाराष्ट्रात कोळीगीते, पोवाडे, भीमगीते, गावोगावची कीर्तने व भजने यांस ज्या प्रमाणात ध्वनिमुद्रण लाभले तसे तबकडीच्या काळात लाभले नव्हते. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीतज्ञाने इ. स. १९९३ मध्ये या उलाढालीवर एक सबंध ग्रंथच लिहिला आहे. आपल्या सुशिक्षित घरांतून त्या कॅसेटींस नाके मुरडली गेली, हे येथे कबूल केलेले बरे.

जाता जाता एक भेद सांगितला पाहिजे. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर मूळ चीज किंवा पद देऊन ‘चाल’ अमुक, असे छापलेले असे. अण्णासाहेब किर्लोस्करांपासून ही रीत चालत आली. दुसऱ्याची चाल घेतली, पण ती उघडपणे घेतली आणि तिच्यातून नवे पद उभे केले. पायरसीत असे नवे काही उभे राहत नाही; ती केवळ नक्कल असते. म्हणून ‘सगळे संगीत उसनवारीवरच चालते’ असे म्हणून जे पायरसीचे समर्थन करतात, त्यांचे म्हणणे आम्हांस मुळीच पटत नाही.

येथपर्यंत पाहता भाकीत खोटे ठरले असे म्हणावे लागते. परंतु गाणी किती झाली व कशी झाली, एवढेच विचारून आपण थांबलो तर अर्धाच इतिहास हाती येईल. ती कोणी केली, आणि ज्यांनी करावयाची त्यांतले किती जण त्या कामावर टिकले, हे कोणी विचारावे? डेव्हिड बोवी या गायकाने इ. स. २००२ मध्येच ओळखले होते की, ध्वनिमुद्रित संगीत आता नळाच्या पाण्यासारखे होणार, तेव्हा कलावंताने जलशांवर जगण्याची तयारी ठेवावी. झालेही तसेच. गाणे फुकट झाले आणि तिकिटे महागली. ज्यास रंगमंचावर उभे राहता येते त्याने अशा रीतीने एका हाताने गेलेले दुसऱ्या हाताने मिळविले. पण जो घरी बसून शब्द लिहितो, चाल बांधतो आणि गाणे दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, त्याने तिकिटे कशाची विकावी? अमेरिकेतील नॅशव्हिल हे गाव अशा गीतकारांचे. तेथील गीतकारांच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे इ. स. २००० नंतरच्या पंधरा वर्षांत केवळ गीतलेखनावर जगणारांची संख्या शेकडा ऐंशीने घटली. तबकडीवर बारा गाणी असत तेव्हा बाराही गीतकारांस विक्रीचा सारखाच हिस्सा मिळे, मग लोकांनी घेतली ती एका गाण्यासाठी का असेना. चोरीने आणि सुट्या विक्रीने मिळून या माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेतली.

हा माणूस आपल्यास परका नाही. मराठी भावगीत हे कवी, संगीतकार आणि गायक अशा तिघांच्या मिळून केलेल्या कामाचे फळ. इ. स. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाची छपन्न गाणी झाली. सुधीर फडक्यांनी पुढे ती सभागृहांतून शेकडो वेळा गायिली. माडगूळकर मात्र गायक नव्हते, आणि कवीस सभागृहाचा आधार नसतो. गाण्याची किंमत सभागृहातच वसूल व्हावयाची असे ठरले, तर पुढच्या काळातल्या अशा कवीने गाणे लिहावे ते हौसेखातरच.

आणि हा सगळा दोष चोराचाच, असेही नव्हे. आपल्याकडे गीतकार व संगीतकार एकरकमी मोबदला घेऊन सारे हक्क निर्मात्यास लिहून देत, आणि पुढे गाणे पन्नास वर्षे वाजले तरी त्यांच्या पदरी काही पडत नसे; हे इंटरनेटच्या आधीपासून आणि पूर्ण कायदेशीरपणे चालले होते. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला, आणि इ. स. २०१२ च्या दुरुस्तीने या हिश्शाचा हक्क सोडून देण्याचा करारच निरर्थक ठरविण्यात आला. चोराच्या नावाने शंख करणाऱ्या कंपन्यांपैकी कित्येकींनी या दुरुस्तीस विरोध केला, हे विसरण्याजोगे नाही.

पुढे स्वीडनमध्ये इ. स. २००८ साली स्पॉटिफाय सुरू झाले, आणि थोड्या वर्गणीत हवे ते गाणे कायदेशीरपणे ऐकू येऊ लागताच चोरीची गरजच पुष्कळशी उरली नाही. विलेट्सच्या वेळच्या स्वस्त आवृत्त्यांचेच हे नवे रूप. अमेरिकेतील उत्पन्न इ. स. २०२३ मध्ये १७ अब्ज डॉलरांवर गेले. महागाईचा विचार केला तर ते अद्याप १९९९ च्या पातळीस पोहोचलेले नाही, तरी कंपन्यांचे दिवस पालटले खरे. नॅशव्हिलच्या त्या गीतकारांचे दिवस तितकेसे पालटलेले दिसत नाहीत. आणि जे नवखे लोक या स्वस्ताईच्या लाटेवर प्रथम बाहेर आले, त्यांच्यासाठी स्पॉटिफायने इ. स. २०२४ पासून नियम केला आहे की, ज्या गाण्यास मागील बारा महिन्यांत एक हजार श्रोते-फेऱ्याही मिळाल्या नाहीत, त्याबद्दल ध्वनिमुद्रणाचा मोबदला मुळीच द्यावयाचा नाही.