शिंगाच्या मुठीचं कूळ

उमदा पण बेभरवशाचा पोरगा दिसला की स्कॉटलंडमधली जुनी माणसं म्हणत, हा एक तर चमचा करील, नाही तर शिंग वाया घालवील. वॉल्टर स्कॉटने 1817 साली आलेल्या ‘रॉब रॉय’ कादंबरीत ही म्हण वापरली आहे. चमचा शिंगाचा असे, आणि शिंग तापवताना हात जरा चुकला की ते करपे किंवा तडके. मी वाचत होतो इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांच्या काठ्यांविषयी, त्यांच्या नक्षीदार शिंगी मुठींविषयी. त्या वाचनात ही म्हण आडवी आली आणि काठीचं कूळ मला भलत्याच घरात दिसू लागलं. माझं म्हणणं थोडक्यात असं: ही मूठ मेंढपाळाच्या काठीतून उगवलेली नाही. ती चमच्याच्या घरातून आली आहे.

आधी काठी कशी होते ते पाहू. दांडा बहुधा हेझलचा. तो ऐन हिवाळ्यात तोडायचा, कारण तेव्हा झाडातला रस उतरलेला असतो. मग वर्षभर किंवा त्याहून जास्त सावलीत वाळवायचा, वाकडा असेल तिथे वाफेवर मऊ करून सरळ करायचा. इथवर कुठलाही गावचा सुतार हे काम करील. खरं काम मुठीचं. त्यासाठी वयस्क एडक्याचं शिंग लागतं, कारण मेंढीचं शिंग पातळ आणि कोवळ्या एडक्याचं कच्चं. शिंग म्हणजे आतल्या हाडावर चढलेली केराटिनची खोळ, आपल्या नखांची आणि केसांची जी जात तीच. उकळून ते हाड काढून टाकलं की उरतं एक पीळदार, बुडाशी पोकळ नळकांडं. ते काही महिने तरी सुकू द्यायचं. मग तापवायचं. केराटिन उष्णतेने मऊ होतं, त्याला हवा तो आकार देता येतो आणि थंड झालं की तो आकार टिकतो.

पण पोकळ शिंग तसंच वाकवायला गेलं तर ते आत दबतं. म्हणून आधी बुडाकडचा भाग तापवून व्हाइसमध्ये बाजूंनी दाबत दाबत पोकळी बुजवतात, शिंग भरीव आणि गोल करतात. पीळ काढून त्याला एका पातळीत आणतात. शेवटी साच्याभोवती वळवून आकडा बनवतात आणि पूर्ण थंड होईपर्यंत आवळून ठेवतात. घाई केली तर शिंग पुन्हा आपल्या जुन्या पिळाकडे ओढ घेतं. पुढे मरफा, कानस, पॉलिश पेपरचे एकाहून एक बारीक नंबर, स्टील वूल, धातू उजळायचं पॉलिश. हे सगळं झालं की आत दडलेला रंग वर येतो: मधासारखा, दुधी, कुठे हिरवट झाक, आणि कडेला उजेड आरपार जाणारा. टोकाला कुणी ट्राउट मासा कोरतो, कुणी राखणीचा कॉली कुत्रा, कुणी काटेरी थिसलचं फूल. मूठ आणि दांडा यांच्यामध्ये खुंटी घालून सांधा करायचा, त्यावर शिंगाचं किंवा सांबरशिंगाचं कडं चढवायचं आणि दांड्याला जवसाचं तेल पाजायचं.

मेंढीचा मागचा पाय पकडायच्या आकड्याची फट अरुंद असते, जेमतेम एखादं जुनं तांब्याचं नाणं सरकेल इतकी. मान पकडायच्या आकड्यात चार बोटं मावतात. मापं कामाची, नक्षी हौसेची.

आता वाद. मुठीचं मूळ सांगणारे तीन पक्ष पुढे येतात. पहिला पक्ष बिशपांच्या धर्मदंडाकडे बोट दाखवतो. तो एका ओळीत निकालात निघतो: धर्मदंडाने मेंढपाळाच्या काठीची नक्कल केली, उलट नव्हे.

दुसरा पक्ष लंडनच्या शिंगकाम करणाऱ्यांच्या संघाचा. हा संघ फार जुना, 1284 पासून नोंदीत सापडणारा. 1476 साली चामड्याच्या बाटल्या करणारे त्यात विलीन झाले. 1943 साली याच संघाने प्लास्टिकच्या उद्योगाला आपल्यात घेतलं, आणि ते अगदी सयुक्तिक होतं, कारण तापवून दाबायचं आणि थंड करून घट्ट करायचं ही प्लास्टिकची सगळी विद्या शिंगवाल्यांना सहा शतकं ठाऊक होती. तरीही हे मुठीचे पूर्वज मला वाटत नाहीत. त्यांचा मुख्य माल गुराढोरांच्या शिंगाचे सपाट पातळ पत्रे, म्हणजे कंदिलाच्या काचेच्या जागी बसवायचे पापुद्रे, आणि कंगवे. शिवाय लंडन आणि सीमेवरचे चेव्हियटचे डोंगर यांच्यात शेकडो मैलांचं अंतर.

तिसरा पक्ष सगळ्यात तगडा: मेंढपाळाकडे शिंगं होती, चूल होती, लांबलचक हिवाळी रात्री होत्या, त्याचं त्यालाच सुचलं असेल. तसं असेल तर शिंगवाली मेंढी जिथे जिथे आहे तिथे शिंगाची मूठ दिसायला हवी. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समधलं पाइकूम हे गाव आकड्यांसाठीच प्रसिद्ध, पण ते आकडे लोहाराच्या भट्टीतले, लोखंडी. यावर कुणी म्हणेल की तिथली साउथडाउन मेंढी बिनशिंगीच, मग लोखंडाशिवाय काय करणार? बरोबर आहे. पण त्याच दक्षिणेत डॉर्सेट हॉर्न ही जात आहे, तिच्यात नर-मादी दोघांनाही भरदार गोल शिंगं असतात. तरी दक्षिणेच्या मेंढपाळाची ओळखीची काठी लोखंडी आकड्याचीच राहिली. म्हणजे नुसतं शिंग असून भागत नाही. शिंगाची अक्कल शेजारी असावी लागते.

ती अक्कल उत्तरेला होती, दारोदार फिरणाऱ्या चमचेवाल्यांकडे. शिंग उभं चिरायचं, उकळून किंवा विस्तवावर धरून मऊ करायचं, सुरीने छाटायचं आणि ‘कॉम’ नावाच्या लाकडी जोडसाच्यात दाबून थंड होऊ द्यायचं. एडक्याच्या शिंगाचा चमचा सीमेवरच्या घरोघरी होता. आणि हे कारागीर बरेचसे रोमा, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणत ते. स्कॉटलंडमध्ये त्यांची पहिली नोंद 1505 सालची. त्यांचं मोठं ठाणं कर्क येथम, सीमेपासून हाकेच्या अंतरावर, थेट चेव्हियटच्या पायथ्याशी. 1898 साली तिथे त्यांच्या शेवटच्या राजाचा, चार्ल्स फा ब्लाइथचा, राज्याभिषेक झाला. या लोकांचं एक नावच ‘हॉर्नर’ पडलं होतं, शिंगाचे चमचे करणारे म्हणून. सीमेवरच्या काठीचं माहेर इंग्लंडच्या बाजूचं नॉर्थंबरलंड, आणि चेव्हियटचा डोंगर ओलांडला की पलीकडे हे गाव. यापेक्षा जवळचं शेजारपण कुठून आणायचं?

रोमा भाषेत शिंगाला ‘शिंग’ म्हणतात. त्यांचे पूर्वज भारतातून गेले, त्यामुळे शब्द आपल्याच कुळातला. पण एवढ्यावरून ही कारागिरीही इथून गेली असं मी म्हणणार नाही. शब्द माणसांबरोबर प्रवास करतो, हुन्नर वाटेत कुठेही शिकता येतो. आपल्याकडेही शिंगकाम होतं: एकोणिसाव्या शतकातली गॅझेटियरं विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू होत असल्याचं सांगतात. आज गवा 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. विजयदुर्ग आणि येथम यांचं मूळ एकच असं मला वाटत नाही, उष्णतेने शिंग मऊ होतं हे दोन्हीकडे आपापलं कळलं असणार.

माझ्या मताची दुबळी बाजूही मांडतो. चमच्याला चिरलेलं शिंग लागतं, मुठीला अखंड. पोकळी बुजवायची युक्ती चमचेवाल्याला कधी लागलीच नाही. ती मात्र मेंढपाळाची, किंवा त्याच्या शेजारच्या एखाद्या व्हाइसवाल्या लोहाराची असणार. किती तापवायचं, कधी दाबायचं आणि कधी हात काढायचा या तिन्हींचं ज्ञान चमचेवाल्याचं, भरीव करणं त्याच्या गिऱ्हाइकाचं. एकोणिसाव्या शतकात कारखान्यातला धातूचा चमचा स्वस्त झाला आणि शिंगाच्या चमच्याचं गिऱ्हाईक गेलं. माझ्या मते याच काळात ही विद्या ताटातून हातात आली. शेतकी प्रदर्शनांतल्या स्पर्धांनी पुढे तिला कलेचं रूप दिलं, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरच्या काठी-कारागिरांनी आपली संघटनाही उभी केली.

चांगल्या जाड शिंगाचे एडके आता सहज मिळत नाहीत. म्हणून पुष्कळ ब्रिटिश कारागीर म्हशीचं शिंग वापरतात आणि त्यातलं बरंचसं भारतातून जातं. ते काळंभोर, टोकाकडे भरीव, घासलं की आरशासारखं चमकणारं. पण त्यातून उजेड आरपार जात नाही, म्हणून परीक्षक अजूनही एडक्याच्या शिंगाला झुकतं माप देतात आणि मला ते पटतं.