त्रिरश्मीच्या डोंगरावरचे हिशेब

साम्राज्ये एकमेकांवर चालून गेली, धर्मांनी एकमेकांशी वाद घातले, आणि त्या घुसळणीतून प्राचीन संस्कृती घडल्या, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण दोन लढायांच्या मधल्या काळात बाजार कोणी चालवला, नदीवर तर कोणी चालवली, भिक्षूच्या अंगावरचे वस्त्र कोणी विणले, हे त्या इतिहासात सापडत नाही. ते ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना रोमला किंवा इराणला जावयास नको. नाशिकजवळची पांडवलेणी पुरेत. त्या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. तिथे आहेत बौद्ध भिक्षूंचे विहार, आणि त्यांच्या भिंतींवर राजांची, राण्यांची, व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दफ्तरे दगडात कोरलेली आहेत.

यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदात नावाच्या माणसाचे लेख आहेत. हा जातीने शक, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या टोळ्यांपैकी. बापाचे नाव दीनिक, बायकोचे दक्षमित्रा, आणि सासरा क्षहरात वंशातला क्षत्रप नहपान. क्षत्रप ही पदवी इराणी साम्राज्याच्या कारभारातली. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. इतके परके घराणे. पण या जावयाने काय काय केले म्हणून सांगितले आहे पाहा. ३ लाख गाई दान दिल्या, देवाब्राह्मणांना १६ गावे दिली, वर्षाला एक लाख ब्राह्मणांना जेवू घातले, प्रभासक्षेत्री ब्राह्मणांची लग्ने लावून दिली. गाईंचा आकडा ज्याने त्याने आपल्या मनाने कमी करून घ्यावा. भडोच, मंदसौर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या, आणि तापी, दमण, पार, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. एवढे सगळे ब्राह्मणी धर्माचे पुण्य सांगून तोच लेख पुढे म्हणतो की हे लेणे बौद्ध भिक्षूंसाठी कोरविले आहे. आपल्याला यात विसंगती वाटते. लेख कोरविणाऱ्याला ती वाटलेली दिसत नाही.

मला मात्र या दानापेक्षा त्याचा पुढचा हिशेब मोलाचा वाटतो. उषवदाताने ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. कोठे ठेवले? सासऱ्याच्या खजिन्यात नव्हे. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत मागावयाची नाही, फक्त व्याज खावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण. संघटनेच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, तेव्हा सवयीने मी हाही हिशेब करून पाहिला. २,००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि २० भिक्षूंना १२ प्रमाणे २४०. दमडीचा फरक नाही. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला आणि रीतीप्रमाणे नोंदविला, असेही लेखात आहे. एका गावात एका धंद्याच्या दोन संघटना, आणि दोघींचे दर वेगळे, याचे आमच्या क्षेत्रातल्या माणसाला नवल वाटणार नाही.

मात्र श्रेणी म्हणजे आजची कामगार संघटना असे कोणी समजू नये. श्रेणी ही माग बाळगणाऱ्या कारागिरांची. त्यांच्या हाताखाली रोजाने राबणारा कोण होता, त्याला काय मिळत होते, याबद्दल या भिंती मुक्या आहेत.

विणकराला शेकडा १२ व्याज देणे परवडत होते, कारण त्याच्या कापडाला गिऱ्हाईक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. पैठण आणि तेर येथून अकीक आणि कापूस-कापड गाड्यांत घालून भडोचला आणले जाई, असे तो सांगतो. उलट बाजूने रोमच्या साम्राज्यातून दारू, तांबे, पोवळे, काचसामान आणि सोन्याचांदीची नाणी येत. नहपानाचे नावही त्यात थोड्या वेगळ्या रूपात आले आहे. बंदरांवरून राजांची चुरस होतीच. कल्याणला गेलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. तेव्हा भिक्षूच्या चीवराचा धागा ओढीत गेलो, तर तो गोवर्धनच्या मागावरून भडोचच्या धक्क्यावर आणि तिथून इजिप्तच्या बंदरापर्यंत जातो. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिल्याचे लेख आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. पण त्यांतल्या एकाचे नाव सिंहध्वज. त्याच चैत्याच्या कोरीव दर्शनी भागावर स्वामी नावाच्या सुताराचे नाव आहे. राजांच्या शेजारी सुताराचे नाव दगडावर राहावे, हे इतिहासात फार वेळा घडत नाही.

पुढे सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. नाणे वितळवले नाही, पहिल्या राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याची मोहोर बसली, एवढेच. राज्याच्या १८ व्या वर्षी त्याने लष्करी छावणीतून हुकूम काढला: पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे, सैनिकांनी त्यात शिरू नये, कोणी मीठ खणू नये. आणखी सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. तो वाचून माझा हात थांबला. आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावच ओस पडले आहे, म्हणून दुसरीकडे १०० निवर्तने जमीन द्यावी. भिक्षूंना जमीन बदलून मिळाली. कखडीची माणसे कुठे गेली, याची चौकशी कोणत्याही हुकमात नाही.

त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाचे स्तोत्र ३ क्रमांकाच्या लेण्यात कोरविले. शक, यवन, पल्हव यांचा संहारक, क्षहरातांचा निर्वंश करणारा, अद्वितीय ब्राह्मण, चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा अशी ती वर्णने आहेत. आणि लेणे दिले कोणाला? भद्रायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना. लेखाची भाषा प्राकृत. संस्कृतात पहिला मोठा गद्य शिलालेख लिहविला तो शक महाक्षत्रप रुद्रदामन् याने, जुनागडला, इसवी सन १५० च्या सुमारास. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरविले, पण नाते जवळचे म्हणून नष्ट केले नाही, असे तो त्यात म्हणतो. नाते कसले, तर कान्हेरीच्या एका लेखात सातवाहन राजाची राणी शक महाक्षत्रपाची मुलगी म्हटली आहे. राजाचे नाव तुटले असून फक्त रु हे अक्षर उरले आहे, पण तो रुद्रदामन्च असे विद्वान मानतात. संकर थांबविणाऱ्याच्या घरात एकदोन पिढ्यांतच शकांची लेक सून झाली. आपण पंचांगात शालिवाहन शक लिहितो, तेव्हा सातवाहनांचे नाव आणि शकांची कालगणना एका ओळीत बसवतो. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारच्या दिनदर्शिकेतही हीच कालगणना आहे.

सातवाहन गेले, नाशिक आभीरांकडे आले. आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षीचा एक लेख त्याच डोंगरावर आहे. दान देणारी बाई विष्णुदत्ता. ती स्वतः शक, बापाचे नाव अग्निवर्मा, नाव विष्णूचे, आणि ती उपासिका बुद्धाची. तिनेही पैसे राजाकडे ठेवले नाहीत. कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे चालविणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे ठेवले, आणि व्याज कशासाठी, तर लेण्यात कोणत्याही दिशेने येऊन राहिलेल्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी.