बरणीला मुजरा

चहाला मान द्यायचा असतो, हे आपल्याकडे कुणाला सांगून पटायचे नाही. आपण चहा 'टाकतो'. टाकला की उकळतो, आले ठेचून घालतो, गवती चहाची पात मुरगळून घालतो, आणि ऐनवेळी दोन पाहुणे वाढले तर वरून तांब्याभर पाणी ओततो. एवढा छळ सोसून तो मुकाट्याने गाळणीतून खाली उतरतो. जपानात मात्र चहाची बरणी रस्त्याने निघाली की भल्याभल्या सरदारांना आपली पालखी बाजूला घ्यावी लागे.

मी या बरण्यांच्या नादी लागलो तो आमच्या भाच्यामुळे. त्याने जपानातून ग्योकुरो नावाच्या चहाचे पाकीट आणले. "मामा, उकळतं पाणी मुळीच नको. पन्नास-साठ अंशाचं घ्या, दोन मिनिटं थांबा, आणि शेवटचा थेंबसुद्धा भांड्यात ठेवू नका." आता आमच्या घरातला थर्मामीटर तापाचा. तो बेचाळीसच्या पुढे जात नाही. शेवटी करंगळीच्या अंदाजाने काम भागवले. कप म्हणाल तर बाहुलीच्या भातुकलीतले. रंग हिरवट, आणि चव? पालेभाजीच्या पाण्याला कुणीतरी उत्तम शिक्षण दिले तर ते जसे लागेल तशी. आत्याने एक घोट घेतला आणि निकाल दिला, "हे आजाऱ्याला देत असतील."

आत्या इतिहासाच्या वाटेला कधी गेलेली नाही, पण निकाल अचूक होता. एइसाई नावाचा झेन भिक्षू ११९१ साली चीनहून परतला तो चहाचे बी घेऊन. १२११ मध्ये त्याने चहाच्या आरोग्यगुणांवर पुस्तक लिहिले, आणि १२१४ मध्ये शोगुन सानेतोमो आदल्या रात्रीच्या मद्यपानाने डोके धरून बसला असता त्याला चहाचा पेला आणि सोबत पुस्तकही दिले. दुखत्या डोक्याच्या माणसाला पुस्तक देणे लेखकालाच सुचू शकते!

पुढे या औषधाचे शास्त्र झाले, आणि शास्त्राचे राजकारण. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने छोटीशी कुडाची खोली, ओबडधोबड पेला आणि गुडघ्यांवर सरपटत शिरावे लागेल एवढे ठेंगणे दार, यातच चहाचे सौंदर्य आहे असे ठरवले. गंमत अशी, की त्याचा यजमान हिदेयोशी याने सबंध सोन्याची, मोडून वाहून नेता येणारी चहाखोली करवून घेतली होती. १५८७ मध्ये हिदेयोशीने क्योतोच्या कितानो देवळापाशी दहा दिवसांचा चहामेळा जाहीर केला. गरीब-श्रीमंत कुणीही यावे, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचे पीठ पाण्यात कालवून आणले तरी चालेल. म्हणजे आपले सातूचे पीठच की! मात्र जो येणार नाही, त्याने यापुढे चहा करायचा नाही. असे प्रेमळ आमंत्रण आमच्याकडे एखाद्या लग्नाचेसुद्धा आलेले नाही. मेळा एका दिवसात गुंडाळला.

एवढ्यावर थांबले असते तर हसून सोडून दिले असते. पण १५९१ मध्ये याच हिदेयोशीने रिक्यूला पोट फाडून मरण्याचा हुकूम दिला. दाइतोकुजी मंदिराच्या वेशीवर रिक्यूचा लाकडी पुतळा बसवला होता. पायांत वहाणा घातलेल्या त्या पुतळ्याखालून सत्ताधीशांना जावे लागे, हा अपराध. खरे कारण काय, यावर अजून वाद चालू आहेत. सत्तरीला टेकलेला तो म्हातारा गेला. ठेंगण्या दारातून सरपटत जाणे ज्यांना चालत होते, त्यांना पुतळ्याखालून ताठ जाणे चालले नाही.

आता बरण्या. १६३३ पासून दरवर्षी एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, शोगुनच्या बरण्या क्योतोजवळच्या उजी गावी जात आणि चहा भरून परत येत. उजीचा चहा खास, कारण तिथले मळे तोडणीआधी सुमारे तीन आठवडे गवत-बोरूच्या छपराखाली झाकून ठेवतात. उन्हात पानातला गोडवा तुरट होतो, सावलीत टिकतो. (ग्योकुरोही असाच सावलीत वाढतो.) छपराचा परवाना मोजक्या घराण्यांनाच. बाकीच्या प्रजेने तपकिरी, जाडाभरडा पाला उकळून प्यावा. १७३८ मध्ये नागातानी सोएन या शेतकऱ्याने उन्हातलीच कोवळी पाने वाफवून, हाताने वळून, वाळवून सेंचा केला, तेव्हा कुठे परवान्यावाचून हिरवा, सुवासिक चहा पिता येऊ लागला. माझे मत विचाराल तर पुतळा याचा उभारायला हवा होता. वहाणांसकट!

बरण्यांचा थाट मात्र चालूच राहिला. रस्ते झाडून ठेवायचे, शेतीची कामे थांबवायची, वाटेवरच्यांनी गुडघे टेकायचे. पोरे घरात पळून दार लावून घेत, आणि त्यावरूनच एक बालगीत झाले असे म्हणतात. माझा जीव अडकतो तो एका तपशिलात. जाताना त्या बरण्या रिकाम्या असत. मुजरा रिकाम्या बरणीलाही!

१८६७ मध्ये शोगुनशाही संपली. त्याचे अंगरक्षक एका दिवसात बेकार झाले. तलवारीला गिऱ्हाईक नाही आणि दुसरे काम येत नाही. १८६९ मध्ये त्यांतली दोनशेहून अधिक कुटुंबे शिझुओकाच्या माकिनोहारा पठारावर गेली. पाण्याचा पत्ता नाही, नुसते रान. तिथे त्यांनी कुदळी घेतल्या आणि चहा लावला. शेजारच्या ओइ नदीवर शोगुनने पूल बांधू दिला नव्हता. प्रवासी आणि सामान हमाल खांद्यावरून पार नेत. १८७० मध्ये होड्यांना परवानगी मिळाली आणि हमालही बेकार झाले. त्यांतलेही काहीजण त्याच पठारावर आले. ज्यांच्या धन्याची बरणी निघायची ते आणि ज्यांनी नदीपार नेली ते, दोघे शेजारी शेजारी माती उकरू लागले. चहाची तोडणी सुरू व्हायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर काय खाल्ले असेल, देव जाणे.

पठार हिरवे झाले. आज तो देशातल्या मोठ्या चहामळ्यांपैकी एक आहे. त्या काळी जपानचा बहुतेक निर्यातीचा चहा योकोहामाहून बोटीने अमेरिकेला जाई, आणि तिथली घरे तो हिरवा चहा दूध आणि साखर घालून पीत असत.