उभ्या शिवणीचे पत्र्याचे छप्पर

अमेरिकेतील व्हरमाँट, कॅनडातील क्वेबेक अशा हिमप्रदेशांतील घरांवर आढळणारा छपराचा एक प्रकार. यात आढ्यापासून वळचणीपर्यंत सलग लांब पत्रे घालतात. शेजारशेजारच्या पत्र्यांच्या कडा साधारणतः 25 ते 50 मिलिमीटर उभ्या उचलून एकमेकींत दुमडल्या, की पाण्याच्या वाटेहून उंच अशी शिवण तयार होते. आपल्याकडील पन्हळी पत्र्याला वरून भोके पाडून स्क्रू मारतात आणि गळती बहुधा तेथूनच सुरू होते. येथे पत्रा शिवणीत दडलेल्या क्लिपांनी धरलेला असतो, त्यामुळे पाख्याच्या अंगावर भोक उरत नाही. शिवाय त्याला सरकण्यास मोकळीक मिळते. तापमान 60 अंश सेल्सिअसने बदलले तर 10 मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे 7 मिलिमीटर लांबतो वा आखडतो, ॲल्युमिनियमचा जवळजवळ दुप्पट.

गुळगुळीत पाख्यावरून बर्फ आपोआप घसरतो, हा मोठाच लाभ. परंतु तो एकदम कोसळला तर खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून दारावरच्या भागात शिवणीलाच पकडून हिमरोधक बसवतात.

आढ्याचे पाणी वळचणीलाच जायचे, असे आपण म्हणतो. हिमप्रदेशात ते नेहमी जात नाही. घरातील ऊब माळ्यात शिरली की छपरावरील बर्फ खालून वितळतो, पाणी थंड वळचणीपाशी पुन्हा गोठते आणि त्या बांधामागे तुंबलेले पाणी पाख्यावर मागे चढून आत झिरपते. नवा पत्रा हे थांबवीलच असे नाही. माळ्याच्या तळाशी उष्णतारोधक थर, गरम हवेच्या फटी बुजवणे आणि छपराखाली वारा खेळता ठेवणे, हा खरा उपाय. वळचणीलगत पत्र्याखाली चिकटणारा जलरोधक थर घालतात, तो दुसरी फळी म्हणून.