घरचा संगणक आणि श्रमाचे मोल

माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत. तरीही संगणकाच्या इतिहासातला एक तंटा आपल्यापुढे मांडावयाचा आहे. कारण तो मुळात श्रमाच्या मोलाचा तंटा आहे.

१९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हे यंत्र झळकले. सुटे भाग मागवावयाचे आणि घरी डाख देऊन जोडावयाचे. पडदा नाही, कळफलक नाही; दर्शनी बाजूस नुसते खटके आणि दिवे. स्मृती २५६ बाइट, म्हणजे हा परिच्छेदसुद्धा तीत मावावयाचा नाही. आणि असल्या यंत्रासाठी लोकांनी आगाऊ पैसे पाठवून वाट पाहिली! हौस म्हणतात ती ही.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ही मंडळी जमली. होमब्रू कॉम्प्युटर क्लब तो हाच. दुसरे संस्थापक फ्रेड मूर हे युद्धविरोधी चळवळीतले गृहस्थ. क्लबात आराखडे, सुटे भाग, युक्त्या हातोहात फिरत. फिरता फिरता मायक्रोसॉफ्टच्या बेसिक भाषेची कागदी फीतही तेथे पोहोचली, आणि तिच्या प्रती निघून वाटल्या गेल्या.

फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी या हौशी मंडळींना उघडे पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेक जण चोरी करता, मोबदल्यावाचून नेटके काम कोण करील, असा त्याचा आशय. मी ते प्रथम वाचले तेव्हा अडखळलो. फुकट राबू नका, हे आम्ही गिरणीच्या दारात उभे राहून आयुष्यभर सांगत आलो ना? गेट्स यांचा प्रश्न खोटा नव्हता. परंतु ते केलेल्या कामाची मजुरी मागत नव्हते. निघेल त्या प्रत्येक प्रतीवर हक्क मागत होते. हा भेद लहान नव्हे.

हौशी मंडळींनी आपले उत्तर कामातून द्यावयास आधीच घेतले होते. डेनिस ॲलिसन यांनी आखलेली ‘टायनी बेसिक’ १९७६ पासून ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये उलगडून छापली जाऊ लागली. ली-चेन वाँग यांनी तर आपल्या आवृत्तीवर ‘सर्व हक्क राखीव’ या प्रघाताची थट्टाच छापली.

त्या थट्टेमागच्या वृत्तीला कायद्याचे बळ दिले ते रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा, १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स: वापरा, उघडून पाहा, बदला, हवे तर विका, मात्र पुढच्याला देताना हेच हक्क द्या. कॉपीराइटच्या कायद्यानेच कॉपीराइटचे कुंपण ओलांडले! हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये घरच्या संगणकावर हौसेने केलेले लिनक्स पुढील वर्षी याच परवान्याखाली आले.

मोलाचा प्रश्न मात्र उरला. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीस आली. असंख्य संकेतस्थळांचे कुलूप तेच होते. सांभाळणारे मूठभर, त्यांत पूर्णवेळ माणूस एक. मोठमोठ्या कंपन्यांनी मग लिनक्स फाउंडेशनमार्फत त्यासाठी पैसा उभा केला. व्यापार मात्र त्या कुलपाच्या भरवशावर कितीतरी वर्षे चालू होता.