सारखं वाटप आणि न्याय्य वाटप

‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात ॲरिस्टॉटल सांगतो की सगळ्यांना सारखं वाटलं म्हणजे न्याय झाला, असं नाही. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. त्याचं चोख उदाहरण मात्र निवृत्तीनंतर भेटलं, तेही डेटाबेसच्या इतिहासात!

१९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. नाव विचारा, पत्ता घ्या, एवढंच तिचं काम. पुढे युक्ती निघाली: एका नावामागे चार यंत्रांचे पत्ते ठेवायचे आणि आळीपाळीने द्यायचे. हाच राउंड रॉबिन. १९९५ च्या आरएफसी १७९४ मध्ये अशा भारवाटपाची चर्चा आहे.

आता २०१४ कडे येऊ. ॲमेझॉनने ऑरोरा हा क्लाउड डेटाबेस जाहीर केला. त्यात लिहिणारं यंत्र एक आणि फक्त वाचून दाखवणाऱ्या रेप्लिका १५ पर्यंत. २०१६ मध्ये या साऱ्या रेप्लिकांसाठी एकच नाव आलं, रीडर एंडपॉइंट. त्यामागे युक्ती तीच, जुनी डीएनएसची.

गंमत इथेच आहे बरं का. हे नाव कनेक्शनं वाटतं, प्रश्न वाटत नाही. दारावरच्या माणसाने खिडकी दाखवली की तुमची सगळी कामं त्याच खिडकीवर. एका कनेक्शनवर दोन प्रश्न, दुसऱ्यावर दोन हजार. वाटणाऱ्याच्या लेखी दोन्ही सारखी. शिवाय प्रोग्रॅम कनेक्शनं तासन्‌तास उघडी ठेवतात. गर्दी वाढली म्हणून नवी रेप्लिका जोडली, तरी जुनी कनेक्शनं आपणहून तिकडे जात नाहीत. ती बिचारी रिकामीच बसते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. रेप्लिका मूळ यंत्राच्या किंचित मागे असते. ऑरोरात सहसा १०० मिलिसेकंदांहून कमी. पण समजा, रुग्णालयात डोस दिल्याची नोंद झाली आणि त्याच क्षणी दुसऱ्या पडद्यावर ती दिसलीच नाही. मग डोस पुन्हा दिला तर? म्हणून जिथे ताजेपणावर जीव अवलंबून आहे, तिथे लिहिणाऱ्या यंत्रालाच विचारावं. बाकीचं वाचन रेप्लिकांकडे जाऊ द्यावं, आणि कनेक्शनं ठरावीक वेळाने बंद करून नव्याने घ्यावीत.

थोडक्यात, यंत्र सारखं वाटू शकतं. कुणाची गरज काय, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. आज इथेच थांबू या.