भूलोकींचें आणि स्वर्लोकींचें यरुशलेम

तीर्थक्षेत्रीं जाणारा यात्रेकरू बहुधा कांहीं तरी पाहावयास जातो. कोठें मूर्ति असते, कोठें सत्पुरुषाची समाधि असते, कोठें पवित्र नद्यांचा संगम असतो. यरुशलेमला जाणारा ख्रिस्ती यात्रेकरू मात्र हजारों मैलांचा प्रवास करून जेथें गुडघे टेकतो, तें एक रिकामें थडगें होय. क्रूसावर प्राण सोडल्यानंतर येशू ख्रिस्ताचा देह ज्या थडग्यांत ठेवला, तें तिसऱ्या दिवशीं रितें आढळलें आणि तो पुन्हां जिवंत झाला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणजे त्या स्थानाचें माहात्म्य तेथें काय आहे ह्यांत नसून काय नाहीं ह्यांत आहे! ह्या एका गोष्टींतून जो प्रश्न निघाला, तो ख्रिस्ती जगाला जवळजवळ दोन हजार वर्षें पुरला आहे. हें नगर स्वतःच पवित्र आहे, कीं दुसऱ्याच एका नगराची ती केवळ खूण आहे?

ख्रिस्ती धर्म जन्मण्यापूर्वीं कित्येक शतकें यरुशलेम हें यहूदी लोकांचें पवित्र नगर होतें. दाविद राजानें तेथें राजधानी केली आणि त्याचा पुत्र शलमोन ह्यानें मंदिर उभारलें, असें यहूदी शास्त्र सांगतें. येशूही इतर यहूद्यांप्रमाणें सणासाठीं तेथें जात असे. त्या नगराचा पुढें होणारा नाश मनांत येऊन तो रडला, असें लूकच्या शुभवर्तमानांत आहे. परंतु योहानाच्या शुभवर्तमानांत, विहिरीपाशीं भेटलेल्या एका शोमरोनी स्त्रीला तोच समजावितो कीं, देवाची खरी उपासना कोणत्याही डोंगराला वा नगराला बांधलेली राहणार नाहीं. नगराविषयींचा जिव्हाळा आणि त्याविषयींची अलिप्तता, ह्या दोन्ही वृत्ति ख्रिस्ती लोकांना अशा रीतीनें आपल्या गुरूकडूनच मिळाल्या.

इ. स. ३० च्या सुमारास नगराच्या तटाबाहेर येशूला क्रूसावर देण्यांत आलें. पुढें वीसपंचवीस वर्षांतच पौलानें गलती येथील मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रांत दोन यरुशलेमांचा भेद सांगितला. एक दास्यांत पडलेलें आणि दुसरें वरचें, स्वतंत्र, सर्व भक्तांची माता असलेलें. इ. स. ७० मध्यें रोमन सेनापति टायटस ह्यानें नगर जिंकलें आणि मंदिर जळून खाक झालें. ती राख निवते न निवते तोंच, पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या प्रकटीकरण ग्रंथांत एक नवें यरुशलेम स्वर्गांतून उतरतांना दिसतें. त्याला बारा वेशी आहेत व त्या कधींच मिटत नाहींत. त्यांत मंदिर नाहीं, कारण देवच तेथें वास करतो. पृथ्वीवरचें नगर उजाड झालें असतां स्वर्गांतलें नगर भक्तांच्या मनांत वसत होतें. इ. स. १३५ मध्यें यहूद्यांचें बंड मोडल्यानंतर त्यांना त्या नगरांत येण्यास बंदी झाली, आणि ईलिया कॅपिटोलिना ह्या नांवाची रोमन वसाहत तेथें नांदूं लागली.

चौथ्या शतकांत वारें फिरलें. सम्राट् कॉन्स्टंटाइन ह्यानें ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला. त्याच्या आज्ञेनें तेथील एक रोमन देऊळ पाडून खालची जमीन खणण्यांत आली. ख्रिस्ताचें म्हणून मानलेलें थडगें तेथें सांपडलें, आणि त्या जागीं बांधलेल्या भव्य चर्चचें समर्पण इ. स. ३३५ मध्यें झालें. मग यात्रेकरूंची रीघ लागली. इ. स. ३८१ ते ३८४ च्या सुमारास तिकडे फिरलेल्या एजेरिया नांवाच्या स्त्रीनें तेथील सोहळे बारकाईनें वर्णिले आहेत. शुभ शुक्रवारीं क्रूसाचें लांकूड दर्शनासाठीं ठेवीत, तेव्हां सेवक त्याच्या भोंवतीं पहारा देत; कारण पूर्वीं कोणी तरी चुंबन घेण्याच्या मिषानें त्याचा तुकडा दांतांनीं तोडून नेला होता, असें ती सांगते. भक्तीचा उमाळा केव्हां हांवेंत बदलेल ह्याचा नेम नसतो, हेंच त्या पहाऱ्यावरून दिसतें.

ही धोक्याची सूचना त्याच काळांतील विचारवंतांनीं ओळखली होती. निस्सा येथील बिशप ग्रेगरी स्वतः यरुशलेमला जाऊन आला. पण परतल्यावर त्यानें लिहिलें कीं, जागा बदलल्यानें देव जवळ येत नाहीं, आणि त्या पवित्र नगरांतही सर्व प्रकारचीं पापें सुखेनैव चालतात. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम हा तर इ. स. ३८६ पासून जवळच बेथलेहेमला राहिला होता. तरीही त्यानें एका मित्राला कळविलें कीं, स्वर्गाचें दार यरुशलेमहून जितकें जवळ तितकेंच ब्रिटनहूनही जवळ आहे. स्वतः मात्र तो मरेपर्यंत बेथलेहेम सोडून गेला नाहीं. ह्या विसंगतींत ढोंग नव्हतें. भूमीवरचें प्रेम आणि तिच्यापलीकडची दृष्टि, दोन्ही त्याच्या ठायीं खरींच होतीं.

इ. स. ४१० मध्यें रोम नगर लुटलें गेलें, तेव्हां ऑगस्टीननें 'देवाचें नगर' हा बावीस भागांचा ग्रंथ हातीं घेतला. माणसांचीं नगरें पडतात, देवाचें नगर पृथ्वीवर प्रवासी होऊन चालत असतें, हा त्याचा आशय. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं जॉन कॅसियन ह्या संन्यस्त लेखकानें एकाच नांवाचे चार अर्थ मांडून दाखविले. इतिहासदृष्ट्या यरुशलेम हें यहूद्यांचें नगर. रूपकानें ती ख्रिस्ताची मंडळी. नीतीच्या दृष्टीनें तो मनुष्याचा आत्मा. आणि अंतिम अर्थानें तें स्वर्गांतलें नगर. म्हणजे यरुशलेमचा तट प्रत्येकाच्या अंतःकरणांतही असतो. तो तेथेंच राखावयाचा आणि तेथेंच ढांसळावयाचा.

हे चार अर्थ एकमेकांपासून तुटले म्हणजे काय होतें, तें अकराव्या शतकाच्या शेवटीं दिसून आलें. इ. स. १०९५ मध्यें पोप दुसरा अर्बन ह्यानें पवित्र भूमीसाठीं शस्त्र धरण्याचें आवाहन केलें. १५ जुलै १०९९ रोजीं क्रूसेडच्या सैन्यानें यरुशलेम घेतलें आणि तेथील मुसलमान व यहूदी रहिवाशांची भयंकर कत्तल केली. त्यानंतर तेच योद्धे आनंदाश्रु ढाळीत थडग्याच्या दर्शनास गेले, असें त्यांच्याच पक्षाच्या बखरकारांनीं लिहून ठेवलें आहे. यरुशलेम ह्या शब्दाचा अर्थ 'शांतीचें दर्शन' असा मध्ययुगांतील ख्रिस्ती भाष्यकार करीत. त्या दिवशीं त्या दर्शनाचें काय झालें, हें सांगावयास भाष्यकाराची गरज नाहीं. इ. स. ११८७ मध्यें सलाउद्दीननें नगर परत घेतलें, तेव्हां त्यानें तशी कत्तल होऊं दिली नाहीं; खंडणी घेऊन पुष्कळ ख्रिस्ती लोकांना जाऊं दिलें आणि थडग्यावरचें चर्च पाडलें नाहीं.

त्याच बाराव्या शतकांत फिलिप नांवाचा एक इंग्लिश धर्माधिकारी यरुशलेमच्या यात्रेस निघाला असतां वाटेंत फ्रान्समधील क्लेअरव्हो येथील मठांत उतरला आणि तेथेंच राहिला. मठाधिपति बर्नार्डनें त्याच्या बिशपला कळविलें कीं, त्याची यात्रा सफळ झाली, कारण हा मठच यरुशलेम आहे. पण त्याच बर्नार्डनें इ. स. ११४६ मध्यें दुसऱ्या क्रूसेडचाही प्रचार केला. एकाच माणसाच्या मनांत दोन्ही नगरें अशीं झगडत होतीं.

पुढें यात्रेचा एक सौम्य मार्ग रूढ झाला. ज्याला यरुशलेमला जाणें शक्य नाहीं, त्यानें आपल्या गांवच्या चर्चमध्येंच क्रूसाची वाट चालावी. ह्या वाटेवरील चौदा टप्पे इ. स. १७३१ मध्यें पोप बारावा क्लेमेंट ह्यानें निश्चित केले, आणि आज वसई-गोव्याच्या भाविकालाही ती यात्रा पायांखालीं घालतां येते. त्यापूर्वींच, इ. स. १६१६ मध्यें गोव्यांत छापलेल्या फादर टॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'नें यरुशलेमची कथा मराठी ओवींत आणली होती.

मूळच्या चर्चमध्यें मात्र आजही सहा पंथ आपापला कोपरा सांभाळून आहेत. कोणी कोठें दिवा लावावा, कोणती पायरी कोणी झाडावी, हें तुर्की सुलतानाच्या इ. स. १८५२ च्या फर्मानानें कायम केलेल्या वहिवाटीप्रमाणें चालतें. दरवाजाची किल्ली पूर्वापार मुसलमान घराण्यांकडे असून तो दरवाजा रोज रात्रीं बंद होतो व पहांटे उघडतो. ज्या नगराच्या वेशी कधींच मिटत नाहींत, त्याची वाट दाखविणाऱ्या ह्या दाराला कुलूप लागतें. आणि तें उघडण्यासाठीं ख्रिस्ती भक्ताला अन्य धर्मीयाच्या हाताची वाट पाहावी लागते. दोन्ही यरुशलेमांमधलें अंतर अजून किती आहे, हें त्या कुलपावरून समजतें. आणि तें कमी कसें करावयाचें, हेंही कदाचित् त्या हातावरूनच समजेल.